बोडका सिंह

दुकानात रांगेत तिचा नंबर लागला आणि नेमका तेव्हाच फोन वाजला. ब्लाझेना कुबिचकोवा फोन पिशवीच्या तळाशी ठेवते, त्यामुळे आधी चष्म्याचं घर निघालं, मग रुमाल, मग एक कांदा. दुकानदारीण चिमटा धरून उभी, मागच्या बाईनं ऐकू जाईल असा सुस्कारा सोडला. "ब्लाझेनाबाई बोलतायत ना? मी आपोलेना मारेशोवा. कुंभारवेशीच्या चर्चमध्ये छताचं काम करतेय, जुनी चित्रं साफ करून जपायचं. चौऱ्याहत्तर साली तुम्ही इथं होतात ना, तोमेचेक मास्तरांच्या हाताखाली?" होते, ब्लाझेना म्हणाली. "मधल्या चकतीवरचा सिंह तुमच्या हातचा?" ह्या प्रश्नाला तिनं उत्तर दिलं की नाही, तिला नंतर आठवेना. दिलं असावं. कारण पोरगी पुढं म्हणाली, "त्याला मुकुट नाहीये." आवाज चांगला होता, आरोप करणारा नव्हता, आणि त्यामुळंच जास्त लागला. "तुम्ही एकदा वर येऊन बघाल का? फोनवर सांगण्यासारखं नाही. सोमवारी राष्ट्रीय दिनाची सुट्टी, त्याआधी परांची उतरवायचीय. उद्या जमेल?" दुकानदारीण विचारत होती, किती देऊ, आणि ब्लाझेना फोनमध्ये म्हणाली, "हो," आणि दुकानदारणीलाही म्हणाली, "हो." घरी जाऊन पुडकं सोडलं तर दोघांना महिनाभर पुरेल एवढं त्वारूझ्की चीज निघालं.

हे चीज घेऊन ट्राममध्ये चढायचं म्हणजे धाडस लागतं. वास असा की शेजारची सीट आपोआप रिकामी होते. आज ते बरंच झालं. घरी येताना ती खिडकीशी बसली होती. सुट्टीच्या आठवड्यात ट्रामच्या कपाळावर दोन छोटे झेंडे लावतात, वळणावर ते फडफडले की काचेतून त्यांची सावली आत येते आणि जाते. समोरच्या माणसाच्या हातात पासपोर्टचा फॉर्म होता, त्यावर देशाच्या राजमुद्रेतला सिंह. पोलिसाच्या बाहीवर सिंह. शाळेच्या दारावरच्या पाटीवर सिंह. दोन शेपट्या, जीभ बाहेर, डोक्यावर मुकुट. कम्युनिस्ट गेल्यापासून पस्तीस वर्षं हे असंच चाललंय. सगळ्या देशाच्या सिंहांना मुकुट परत मिळाले, एका सिंहाला सोडून, आणि तो सिंह ओलोमोउत्समधल्या एका चर्चच्या छताला, बावीस मीटरवर, बोडक्या डोक्यानं बसलाय. ते आता तिला आणि तिच्या नवऱ्याला सोडून कुणाच्या ध्यानात नव्हतं. मास्तरांच्या होतं, पण मास्तर तर चव्वेचाळीस वर्षांपूर्वीच गेले.

कुणी म्हणेल, एका मुकुटाचं एवढं काय? लोक ह्याहून मोठमोठ्या चुका करून निवांत झोपतात. पण तिला चुकीचं दुःख नव्हतंच. चूक झाली, झाली. तिला टोचत होतं ते वेगळंच. मास्तरांना काय वाटलं? त्यांना वाटलं का, की ह्या पोरीनं वरच्यांना खूश करायला मुद्दाम मुकुट गाळला? हे वाटून ते गेले का? पन्नास वर्षं हा एकच प्रश्न तिच्या पोटात होता. तो कधी कुणाला विचारता आला नाही, कारण उत्तर एकाच माणसाकडं होतं, आणि त्या माणसासमोर उभं राहायची तिला लाज वाटली.

"हे काय, लग्नाचं सामान आणलंस?" ओल्द्रीख म्हणाला. तिचा नवरा ट्रामच्या डेपोत वायरमन होता, आता अठ्ठ्याहत्तरचा, कानाला यंत्र आणि जिभेला लगाम नाही. ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि फोनचं सांगितलं. मुकुटाचं त्याला ठाऊक होतं, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी एकदा रडून सांगितलं होतं तिनं. त्यानं किसणीवर बटाटा थांबवला. "मग? पोरगी सोन्याचा ठिपका देईल डोक्यावर, संपलं." "संपलं कसं? अहवालात लिहितील. चौऱ्याहत्तर साली, अमुक बाईनं, मुकुट काढला." "काढला कुठं? विसरलीस." "कोण मानणार विसरले म्हणून?" "मी मानतो की." "तू काय, तू माझ्या हातचं करपलेलंही चांगलं म्हणतोस." "ते घाबरून," ओल्द्रीख म्हणाला, आणि पुन्हा किसायला लागला. मग पाठमोराच बोलला, "ब्लाझेन्का, पन्नास वर्षं तू एका रंगवलेल्या सिंहाला घाबरत्येस. माझ्याबरोबर कशी राहिलीस देव जाणे." ती हसली. त्याच्या ह्या असल्या बोलण्यानंच ती इतकी वर्षं तगली होती, हे तिला माहीत होतं आणि एकदा त्याला तसं सांगायला हवं असं दर वेळी वाटायचं. आज सांगितलं. तो म्हणाला, "काय? यंत्र किरकिरतंय," पण कान लाल झाले होते.

जेवताना तिचं लक्ष ताटात नव्हतं. तिला मास्तर दिसत होते. हिनेक तोमेचेक. ठेंगणा माणूस, खिशात कायम शहाजिऱ्याचे दाणे, ते चघळत परांचीवर चढायचा आणि वरून ओरडायचा. ओरडण्याला कारण लागायचं नाही. कुंचला असा धरतात? तो काय सूप ढवळायचा पळा आहे? चुन्याच्या हातानं पाव खातेस, पोटात गिलावा करायचाय का? बसलीस कशाला, भिंत काय बसल्या बसल्या साफ होते? ती चोवीस वर्षांची होती, कलाशाळेतून नुकती बाहेर पडलेली, हाताखाली कुणी घेत नव्हतं आणि ह्या माणसानं घेतलं. पहिले दोन महिने ती रोज संध्याकाळी ट्राममध्ये रडली. तिसऱ्या महिन्यात कळलं की ज्याचं काम त्यांना पटत नाही त्याला ते ओरडतच नाहीत, "छान, छान," म्हणतात आणि पुढच्या सोमवारी बोलवत नाहीत. तेव्हापासून प्रत्येक ओरडा ती गोळीसारखा चघळायची. आज तीन वेळा ओरडले, ती खोलीवरच्या मैत्रिणीला सांगायची, आणि मैत्रीण म्हणायची, तू ठार वेडी आहेस.

छताच्या मधोमध फासळ्या जिथं एकत्र येतात, तिथं परातीएवढी दगडी चकती आहे. तीनशे वर्षं तिच्यावर चुन्याचे हात बसले होते. ते ब्लाझेनानं एकटीनं सोलले, लाकडी पातीनं, नखाएवढं नखाएवढं, आणि खाली सिंह निघाला. आधी एक शेपटी, मग दुसरी. ती ओरडली होती, "मास्तर, शेपट्या!" आणि खालून आवाज आला, "दोनच आहेत ना? तिसरी निघाली तर मला सांग." पंजे निघाले, छाती निघाली, मागची लाल जमीन निघाली, आणि मानेच्या वर काही नव्हतं. गिलावाच पडून गेलेला. डोकं नव्यानं काढावं लागणार होतं. ते मास्तर काढणार होते, पण त्याच आठवड्यात त्यांची कंबर धरली, असे वाकडे झाले की दोघांनी धरून घरी न्यावं लागलं. दारात तिला म्हणाले, "डोकं तूच काढ. सिंह काय, सिंह कुणाला येत नाही? डोळे मिटून येतो."

आणि तिथंच सगळं झालं. डोळे मिटून जो सिंह आला, तो शाळेतला. ती दहा वर्षांची असताना कम्युनिस्ट सरकारचा हुकूम आला, आता आपल्या सिंहाला मुकुट नाही, डोक्यावर पाच टोकांची चांदणी. वर्गात भिंतीवर मोठा तक्ता होता, जुना, मुकुटवाला. बाई म्हणाल्या, ब्लाझेनाचा हात चांगला आहे, तीच खरवडेल. तिला बाकावर बाक चढवून उभं केलं आणि हातात ब्लेडचं पातं दिलं. गणिताच्या तासाला ती मुकुट खरवडत होती आणि खाली सगळा वर्ग हेव्यानं वर बघत होता. कागदाला भोक न पाडता खरवडला, बाईंनी पाठ थोपटली. त्यानंतर आठ वर्षं, दर ऑक्टोबरात, दर मे महिन्यात, भिंतीवरच्या वर्तमानपत्रासाठी सिंह काढायचा तो ब्लाझेनानं. बोडका सिंह आणि वर चांदणी. शेकडो काढले असतील. कुंभारवेशीच्या छताखाली आडवी पडून डोकं काढताना तिनं एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवली होती, की चांदणी काढायची नाही. हे देवाचं घर आहे, जुनं आहे, इथं ती चांदणी नको. आणि चांदणी न काढल्याचा तिला केवढा अभिमान वाटला होता! आयाळीचा शेवटचा केस ओढून ती खाली उतरली, रस्त्यानं गाणं म्हणत गेली. चांदणीच्या जागी आधी काय होतं, हे हाताला विचारायचं तिच्या मनातच आलं नाही.

मास्तर काठी टेकत परत आले ते नोव्हेंबरात, एका शुक्रवारी, आणि त्याच दिवशी चर्चांवर नजर ठेवणारा सरकारी सेक्रेटरीही आला. जाडा, घामेजलेला, पण चिवट माणूस, सगळ्या शिड्या चढून वर आला. त्याच्या एका सहीवर चर्च पुन्हा उघडणार होतं, नाहीतर त्या जागेत बियाणांचं गोदाम करायचं म्हणून अर्ज पडलेलाच होता. त्यानं धापा टाकत चकतीकडं बघितलं, मग आणखी बघितलं, आणि ब्लाझेनाच्या खांद्यावर हात ठेवला. "शाब्बास, कॉम्रेड. मुकुट नाही. आजच्या काळाचा सिंह काढलात." तो हात तिला आजही खांद्यावर जाणवतो, ओलसर, जड. त्या क्षणी तिला दिसलं. पहिल्यांदा दिसलं. तिनं मास्तरांकडं बघितलं. मास्तर काठीवर रेलून सिंहाकडं बघत होते. तिला वाटलं, आता ओरडतील. ओरडा, मास्तर, माझ्या आईवरून ओरडा, शिडीवरून ढकला. मास्तरांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. सेक्रेटरी शिडी उतरायला लागल्यावर ती म्हणाली, "मास्तर, मी, ते..." आणि ते म्हणाले, "राहू दे." एवढंच. आणि मग, तिच्याकडं न बघता, "छान आहे."

छान आहे.

सोमवारी सुतार आले आणि परांची उतरली. सही झाली, चर्च उघडलं. वसंतात म्युझियमच्या कार्यशाळेतून तिला पत्र आलं, नोकरी आणि राहायला खोली. सेक्रेटरीनं शब्द टाकला होता, असं तिथला एकजण पहिल्याच दिवशी म्हणाला, सगळ्यांसमोर, कॉफी ढवळत. "सिंहाची हजामत केली आणि नोकरी मिळवली, मानलं बुवा!" सगळे हसले, तीही हसली. ती मास्तरांकडं दोनदा गेली. दोन्ही वेळा चहा झाला, कंबरेचं बोलणं झालं, सिंहाचा विषय निघाला नाही. तिला वाटायचं, ह्यांनी एकदा ओरडावं म्हणजे मला सांगता येईल. त्यांना काय वाटायचं कोण जाणे. दुसऱ्या वेळी दारात ते म्हणाले, "ये कधी," आणि ती गेली नाही. सहा वर्षांनी दारांवर, खांबांवर त्यांच्या निधनाची काळ्या चौकटीची पत्रकं लागली. अंत्ययात्रेला ती सर्वांच्या मागं उभी राहिली.

मग राज्य बदललं, मुकुट परत आले. सगळा गाव चौकात किल्ल्या वाजवून जुन्या राज्याला निरोप देत होता, ओल्द्रीखनं ट्रामच्या तारेच्या खांबावर चढून झेंडा लावला होता आणि थंडीनं आठवडाभर अंथरुणात पडला होता. ब्लाझेनाही आनंदानं रडली, खोटं नाही. पण पहिला नवा शिक्का, पहिलं नवं नाणं हातात आलं तेव्हा तिनं आधी नजर फिरवली. तेव्हा सांगून टाकायला हवं होतं. पण तेव्हा जो तो दुसऱ्याला विचारत होता, तू तेव्हा काय केलंस, कुणाला सलाम ठोकलास. अशा वेळी कोण उभं राहून म्हणणार, अहो, मी फक्त विसरले! तिनं त्या चर्चमध्ये जाणंच टाळलं. भाचीच्या लग्नाला जावं लागलं तेव्हा खांबाआड बसून पूर्ण वेळ स्वतःच्या बुटांकडं बघत राहिली. विहीणबाई नंतर म्हणाल्या, केवढी भाविक आहे हो तुमची मावशी, एकदासुद्धा मान वर केली नाही.

सकाळी ओल्द्रीख तिला पोचवायला निघाला. नको म्हटलं तर म्हणाला, "मी ट्राम बघायला येतोय, तुझ्यासाठी नाही." चर्चच्या दारात त्यानं तिच्या कोटाचं वरचं बटण लावलं आणि "पडू नकोस, नाहीतर एवढं चीज एकट्याला खावं लागेल," म्हणून पायरीवर बसला.

आत थंडावा होता आणि ओल्या चुन्याचा वास. तो वास नाकात गेला आणि ती दारातच थांबली. भीतीनं नाही. हा वास तिला आवडायचा, तिच्या आयुष्यातला सगळ्यात आवडता वास होता तो, आणि एका मुकुटापायी तिनं तो पन्नास वर्षं स्वतःला घेऊ दिला नव्हता. म्युझियममध्ये तिनं लाकडी मूर्ती दुरुस्त केल्या, चांगल्या केल्या, पण चुन्याला हात लावला नाही. आपोलेना शिडीच्या तळाशी उभी होती. तिशीची, आखूड केस, कानामागं पेन्सिल, नाकावर पांढरा ठिपका. "सहा मजले आहेत, ब्लाझेनाबाई. दमलात की सांगा, घाई नाही." "मी दमले तर तुलाच उचलावं लागेल," ब्लाझेना म्हणाली आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला. हात दांडी धरायला विसरले नव्हते. तिसऱ्या मजल्यावर थांबली. छाती धाडधाड करत होती. खिडकी अगदी डोळ्यांसमोर होती, उंच, निमुळती, आणि दगडाच्या जाळीतून बाहेरची छपरं, एका छपरावर झेंडा बांधणारा माणूस. खालून ही खिडकी कधी अशी दिसत नाही. वर चढत गेलं की भिंती हलक्या होत जातात, खांब फुटून त्यांच्या फासळ्या होतात, आणि असं वाटतं की एवढा सगळा दगड कुणीतरी दोन्ही हातांनी अलगद तोलून धरलाय. हे तिला मास्तरांनीच दाखवलं होतं, अशाच एका सकाळी, ओरडून. बघतेस काय पायाकडं, वर बघ! ज्यांनी बांधलं त्यांनी काय तुझ्या बुटांसाठी बांधलं?

"मला एवढंच विचारायचंय," शेवटच्या शिडीच्या आधी ती म्हणाली. तिला ते वर जायच्या आत बोलून टाकायचं होतं. "अहवालात काय लिहिणार आहेस? मी विसरले होते. कुणी सांगितलं नव्हतं, कुणाला खूश करायला नाही केलं. पण पुरावा नाही माझ्याकडं. तू काही लिही, मी तक्रार करणार नाही. फक्त मास्तरांचं नाव त्यात आणू नकोस. ते आजारी होते." आपोलेनानं तिच्याकडं बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. "आधी वर चला," ती म्हणाली.

फळीवर दोघी पाठीवर आडव्या पडल्या. असंच पडावं लागतं, दुसरा मार्ग नाही. आणि हातभर अंतरावर सिंह होता. ब्लाझेनानं डोळे मिटून घेतले, मग उघडले. अगं बाई, केवढासा आहे हा! तिच्या मनात तो वाढत वाढत केवढा झाला होता. मानेखाली जुना हात, बेफिकीर, ठसठशीत, कुणा अनामिक माणसानं सहाशे वर्षांपूर्वी शिट्टी वाजवत काढल्यासारखा. आणि मानेवर तिचं डोकं. आयाळ चांगली जमली होती. डोळे जरा घाबरट, चोवीस वर्षांच्या पोरीचे. त्यांच्याकडं बघून तिला राग यायला हवा होता, आणि आली ती माया. किती जीव लावून काढलंय पोरीनं, तिला वाटलं. एवढं प्रत्येक केसावर कोण बसतं?

"आता हलू नका," आपोलेना म्हणाली. तिनं मोठा दिवा बंद केला, हातबत्ती चकतीला अगदी टेकवून आडवी धरली. सपाट दिसणाऱ्या लाल जमिनीवर बारीक सावल्या उठल्या. सिंहाच्या डोक्यावर, बरोबर दोन कानांच्या मध्ये, चाकूच्या टोकानं ओरखडलेली रेघ. खाली पट्टी, वर तीन पानं, मधलं जरा मोठं. मुकुट. रंग नाही, सोनं नाही, नुसती रेघ, खालून कुणाला सात जन्मात दिसली नसती. कापणारा हात थांबलेला नव्हता, एका दमात ओढलेली रेघ होती, आणि ती रेघ ब्लाझेनानं ओळखली. तशी पानं एकच माणूस काढायचा. "बत्ती इकडं," ती म्हणाली, आवाज तिचा तिलाच कळेना. "इकडंही आहे," आपोलेना हलकेच म्हणाली आणि उजेड शेजारच्या फासळीच्या कुशीत नेला. तिथं दगडावर सुतारी पेन्सिलनं लिहिलं होतं, लहान, तिरकं, आडवं पडून लिहिल्यासारखं.

मुकुट विसरली. तिची चूक नाही, तपासायला मी वर आलो नव्हतो. आता लावला तर चर्च जाईल. दिवस बदलले की तिला बोलवा आणि तिच्याच हातून लावून घ्या. आधी सांगू नका, कार्टी वाटेतच रडेल. तोमेचेक, ९ नोव्हेंबर १९७४.

नऊ तारीख. शुक्रवार आठ होता. म्हणजे शनिवारी. म्हणजे वाकड्या कंबरेनं, काठी खाली ठेवून, सहा शिड्या चढून ते एकटे वर आले, पाठीवर आडवे पडले. तिला ते दिसायला लागलं, कंबर फळीला टेकवताना त्यांनी दिलेली शिवी ऐकू आली, शहाजिऱ्याचा वास आला. आणि ती त्या शनिवारी खोलीत उशीत तोंड खुपसून पडली होती. तिला का नाही सांगितलं? सांगितलं असतं तर ती काय करणार होती? तिच्या तोंडावर सगळं दिसायचं, सेक्रेटरीनं एकदा विचारलं असतं तर तिनं तिथंच ओकलं असतं. त्यांना माहीत होतं ते. त्यांना सगळं माहीत होतं. ते "छान आहे" तिला नव्हतं, शिडीवर अजून उतरत असलेल्या त्या जाड्या माणसाच्या कानाला होतं. आणि ती गेली नाही! "ये कधी," म्हणाले होते, आणि ती गेली नाही. हे दुःख राहणार, ते कुणी खरवडून काढू शकत नाही. पण त्याच्याहून मोठं काहीतरी छातीत उसळत होतं. विसरली. त्यांनी लिहिलं होतं, विसरली. पन्नास वर्षं हा शब्द तिच्या बाजूनं साक्ष देत इथं वर बसला होता. आणि ती खाली शहरभर मान खाली घालून हिंडत होती.

"म्हणून फोनवर बोलले नाही," आपोलेना म्हणाली. "तसं लिहिलंय ना. सोळा दिवस झाले मला सापडून. शिडीपाशी तुम्ही ते सगळं सांगत होतात तेव्हा जीभ चावून धरली." "कार्टी," ब्लाझेना म्हणाली. "कोण, मी?" "नाही, मी. कार्टी म्हणाले बघ मला!" आणि ती हसायला लागली, आडवी पडल्या पडल्या, पाणी डोळ्यांतून दोन्ही कानांत चाललं होतं आणि ती हसत होती. "मास्तर, किती वर्षं लावलीत हो ओरडायला!" फळी हलत होती. खालून ओल्द्रीखचा आवाज घुमत आला, "काय झालं? पडली का?" आणि आपोलेना ओरडली, "नाही, काका! बाई खूश आहेत!"

सगळं तयार होतं. पोरीनं रेघेच्या आत आदल्या दिवशीच चिकटा लावून ठेवला होता, तो आता हवा तेवढाच सुकला होता, बोटाला चिकचिक करेल पण डाग पडणार नाही असा. तिनं चामड्याच्या गादीवर सोन्याचा वर्ख पसरला, चाकूनं तीन तुकडे केले आणि खारीच्या केसांचा चपटा कुंचला ब्लाझेनाच्या हातात दिला. ब्लाझेनानं तो परत पुढं केला. "माझं वय बघ. तू लाव." "मी नाही. वाचलंत ना काय लिहिलंय? मला त्यांचा ओरडा खायचा नाही." ब्लाझेनानं श्वास आत धरला. वर्खावर श्वास टाकायचा नसतो, उडून जातो. आणि कुंचल्यानं तो उचलायचा तर आधी कुंचला स्वतःच्या गालावर फिरवायचा, गालाचं तेल केसांना लागतं, त्याला सोनं चिकटतं. एवढं साधं. तिनं कुंचला गालावर फिरवला, वर्खाला लावला. वर्ख उठेना. पुन्हा फिरवला. गाल सगळा ओला, केस भिजून गोळा झाले. तिनं बाहीनं तोंड पुसलं, आणि पुसता पुसता पुन्हा पाणी आलं. "अगं, हे थांबतच नाहीये," ती म्हणाली. "काय करू?"

आपोलेनानं खिशातून दुसरा कुंचला काढला, कोरडा. तो तिच्या बोटांत दिला, नाकावरचा पांढरा ठिपका मनगटानं पुसला, आणि फळीवरून सरकत जवळ येऊन आपला गाल तिच्यापुढं केला.

"माझ्या गालावर फिरवा," ती म्हणाली.